खिशातले तीन फ्यूज

अण्णा,

आज बुधवार, एप्रिलची सोळा तारीख. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी ओसरीवर बसून फुलस्केप कागदाला पट्टीनं समास आखत होतो. समास आखून झाला, आणि पहिली ओळ लिहायची सोडून दुसऱ्या कागदावर तुम्हाला लिहायला घेतलं. समासाचा कागद दुपारी चारपर्यंत पोलीस चौकीत पोचवायचा आहे. त्याच्याखाली बारा जणांच्या सह्या होणार आहेत. मजकूर मला तोंडी सांगून झाला आहे: मासेमारी करणारे एक गृहस्थ पाण्याच्या कडेला पाय घसरून दगडावर पडले, आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेले. गृहस्थ म्हणजे तात्या. तुमचे तात्या, ज्यांच्या होडीत बसून तुम्ही पलीकडच्या काठाला लग्नाला जायचात. ते पडले नाहीत. रविवारी भर दुपारी आम्ही त्यांना मारलं. पहिली आरोळी माझी होती.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून आधी इथलं सांगतो. यंदा धरणाचं पाणी लवकर हटलं. जुन्या देवळाचं शिखर होळीच्या आधीच उघडं पडलं, आता मंडपाच्या खांबांनाही ऊन लागतं. पाणी मागं जाईल तशी सगळ्यांची मोटर त्याच्या मागं जाते, पाइप वाढतो, केबल वाढते, हे तुमच्या वेळेसारखंच आहे. तुमच्या वेळेला नव्हती ती चोरी. दिवाळीपासून आपल्या काठावरून पाच मोटरी गेल्या. चोर मोटर फोडून आतलं तांबं नेतात आणि कवच तिथंच गाळात टाकतात. सकाळी शेतकरी जातो तर ती पोट फाडलेल्या शेळीसारखी पडलेली असते. मग फोनवर ग्रुप निघाला. कोण अनोळखी दिसला, कोणाची गाडी उभी होती, सगळं त्यात येतं, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी कोणीतरी लिहितंच, दिसला की हाणा. मी त्यात कधी तसं लिहिलं नाही. पण तशा निरोपाखाली पसंतीचा अंगठा टाकायचो.

माझं मत विचाराल तर आपल्या गावात चौकशीपेक्षा मारणं सोपं पडतं. बैल बसला, मारा. पोरगं नापास झालं, मारा. शेजाऱ्यानं नांगरताना बांध वीतभर कोरला, फावडं उचला. गेल्या साली वाटेवरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली आणि आठव्या दिवशी एकाच रिक्षातून टाके काढायला गेले, कारण दोन रिक्षा परवडत नव्हत्या. हे लोक हसून सांगतात. मीही हसून सांगितलं आहे. मारून झाल्यावर कोणी विचारत नाही की खरं काय होतं. मार बसला म्हणजे काहीतरी केलंच असणार, असा हिशोब आहे.

तुम्हीही मारायचात. मी सातवीत होतो. तुम्ही आणि तात्या मोटर पुढं ओढत होता, कमरेइतक्या पाण्यात. मला वाटलं आपणही हात लावावा, म्हणून मी धावत येऊन केबल धरली. तुम्ही विचारलं, "फ्यूज कुठं हायत?" मी म्हणालो, काठावरच्या स्टार्टरच्या पेटीत. तुम्ही पाण्यातून दोन ढांगांत वर आलात आणि माझ्या कानाखाली असा आवाज काढलात की मी गाळात बसलो. कानातून रक्त आलं. तात्या ओरडले, "आरं मारून टाकतूस का पोराला?" तुम्ही म्हणालात, "लाइटीनं मरण्यापरीस माझ्या हातानं मेलेलं बरं." धाकटे काका माझ्या जन्माआधी मोटरला चिकटून गेले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी आईनं चुलीपुढं बसवून कानाला तेल-हळद लावली. तुम्ही समोर ताट घेऊन बसलात, भाकरी मोडलीत आणि खाल्ली नाही. खिशातून तीन फ्यूज काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलेत. चिनी मातीचे, पांढरे, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. "ध्यानात ठेव," तुम्ही म्हणालात, "जो मोटर हलवल त्यानं पेटीतली किटकॅट काढायची आन् सोताच्या खिशात घालायची. दुसऱ्याजवळ द्यायची न्हाईत. बापाजवळ बी न्हाईत. किटकॅट खिशात, मग हात पाण्यात." आई म्हणाली, "आता खावा." तरी तुम्ही खाल्लं नाही.

नववीत शाळा सुटली तेव्हा मात्र तुम्ही हात उचलला नाही. मी तयारीनं उभा होतो, कान झाकून. तुम्ही भिगवणच्या बाजारातून आणलेला टेस्टर माझ्या हातावर ठेवलात, पिवळ्या मुठीचा. म्हणालात, "लाइट हाय का न्हाय हे दुसऱ्याला इचारायचं न्हाय. लावून बघायचं." तो टेस्टर अजून माझ्या शर्टाच्या खिशाला असतो. रविवारीही होता.

आता तात्यांच्या ज्वारीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. तुमच्या माघारी पहिल्या सुगीला तात्या रिकामी पिशवी घेऊन दारात आले. म्हणाले, वर्षाला दोन पायल्या ज्वारी ठरलेली आहे. ते दिवसभर पाण्यावरच असतात, तेव्हा आपल्या मोटरीवर नजर ठेवायची, पाणी हटून ती उघडी पडायला लागली तर पुढं ओढायची आणि मग येऊन सांगायचं. मी सतरा वर्षांचा होतो आणि घरातली सगळी कागदपत्रं नुकतीच एका फाइलीत क्रमानं लावली होती. तुमची वही काढली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. त्यात खत होतं, डिझेल होतं, बैलाची पत्री होती. ज्वारी कुठंच नव्हती. मी म्हणालो, "तात्या, अण्णांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही." ते हसले. "तुझ्या बापाला सहीपुरतं लिव्हाय येत हुतं. ती वही तुझी आई लिव्हती. आमचं बोलणं हुडीत झालं, तितं ती न्हवती." आई आतून म्हणाली, "दे रं, दोन पायल्यानं काय हुतंय." पण मला वाटलं, आज दोन पायल्या दिल्या तर उद्या आणखी कोण काय सांगत येईल. मी दिली नाही. तात्यांनी पिशवीची घडी केली, बगलेत घातली आणि गेले. नंतर आपण ज्वारी सोडून सगळा ऊस केला, आणि तो विषय राहिलाच नाही. अकरा वर्षांत माझी मोटर एकदाही जळली नाही. शेजारच्यांच्या दरसाल जळायच्या, कारण आता सगळ्यांच्या पेटीला ऑटो आहे. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, खाली पाणी असो की चिखल. माझी जळत नाही याचं श्रेय मी माझ्या काटेकोरपणाला देत होतो. लोकांना सांगतही होतो.

रविवारी दुपारी एक वाजता मी वरच्या वाफ्यात होतो. लाइट दीडला यायची होती. खाली बघितलं तर डोक्यावरून टॉवेल घेतलेला माणूस माझी मोटर दोरीनं ओढत होता. इतक्या लांबून ओळखू आला नाही. मी खाली जाऊन विचारायला हवं होतं. मी आधी ग्रुपवर टाकलं, "माझी मोटर चालली", आणि मग आरोळी दिली. फावडं हातात होतं. त्याचा दांडा तुमचाच आहे, बाभळीचा, तुमच्या हातानं गुळगुळीत झालेला. धावताना पातं ढिलं लागलं म्हणून मी ते ठोकून काढलं आणि नुसता दांडा घेतला. हे मी घाईत केलं नाही, थांबून केलं.

मी पोचलो तेव्हा सात-आठ जण आधीच पाण्यात उतरले होते. तोंडावरचा टॉवेल निघाला होता. तात्याच होते. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच कोणीतरी म्हणालं, "बघा, घरातलाच निघाला की! म्हणूनच घावत न्हवता." ते ऐकलं आणि मलाही ते पटलं. इतकं लवकर पटलं की मला अजून त्याचं नवल वाटतं. तात्यांच्या उजव्या हातात दोरी होती, डावा हात चड्डीच्या डाव्या खिशावर घट्ट दाबलेला होता. "खिशात काय हाय? काढ हात!" सगळे तेच ओरडत होते. तात्या म्हणत होते, "लाइट यील, लाइट यील, वर व्हा आदी." ते कोणाच्या कानात गेलं नाही. चेअरमननं त्यांना मागून लाथ घातली. (ह्यांना तुम्ही ओळखता. सोसायटीच्या निवडणुकीत पडले तरी तेव्हापासून सगळे चेअरमनच म्हणतात.) तात्या गुडघ्यावर आले, पण खिशावरचा हात काढेनात. मी दांडा घातला तो पाठीवर. दुसरा खांद्यावर. तिसरा त्या हातावर, मनगटावर, आणि मनगट मोडल्याचा आवाज आला, ओलं सरपण पायाखाली मोडावं तसा. बाकीचे बुक्क्यांनी, चपलांनी, एकजण पाइपाच्या तुकड्यानं. तोंडावर, बरगड्यांवर. पाणी आधी गढूळ होतं, मग तांबूस झालं. त्यांचं वय सत्तरच्या पुढं आहे अण्णा. एका माणसाला मारायला बारा माणसं लागत नाहीत. पण बारा जमली की प्रत्येकाला आपला हात लागावा असं वाटतं, जसं लग्नात प्रत्येकाला अक्षता टाकायच्या असतात.

हात सैल झाला तसे खिशातून तीन फ्यूज पडले. चेअरमननं चिखलातून वेचून वर धरले. "हे बघा! फ्यूज सुदिक सोडलं न्हाईत भाड्यानं! माल सापडला!" सगळ्यांनी ओरडा केला. मी त्या पांढऱ्या फ्यूजकडं बघितलं, मग तात्यांच्या पायाशी पडलेल्या केबलकडं बघितलं. ती कापलेली नव्हती. जोड उघडून, नीट आठाच्या आकारात गुंडाळून, पाण्याला लागू नये म्हणून दगडावर ठेवली होती. आमच्या गोंधळात ती घसरून पाण्यात गेली होती. मी ते बघितलं.

दीड वाजता लाइट आली. काठावरच्या पेटीत तांबडा दिवा लागला. आम्ही बारा जण गुडघाभर पाण्यात उभे होतो, उघडा जोड पाण्यात होता, आणि आम्हाला काहीही झालं नाही. चेअरमन म्हणाले, "घाल रं ते फ्यूज पेटीत, काय बिघाड केलाय का बघू." मी त्यांच्या हातातून तिन्ही फ्यूज ओढून घेतले आणि माझ्या खिशात घातले. का घेतले, हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी चेअरमनच्या गोठ्यात बैठक झाली. दवाखान्यातून चौकीला कळवलं गेलं होतं. एका पोरानं काढलेला अडतीस सेकंदांचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघितला आणि ग्रुपवरून काढून टाकला. त्यात मी एकच फटका मारताना दिसतो. "तुझा येकच हाय, भिऊ नगं," चेअरमन म्हणाले. "आता हे बघा. पडला म्हणून कागद द्यायचा. न्हाय ऐकलं म्हातारं, तर फ्यूज हायतच की. चोरीचा मुद्देमाल. उलट त्यालाच आत घालू." मग माझ्याकडं वळले. "कागद तू लिव्ह. तुझं अक्षर छापल्यावानी. आमी लिव्हला तर हवालदार मजकूर वाचायच्या आदी येलांट्या बघून हसतूय." सगळे हसले. एकजण म्हणाला, "नववी नापास हाय, पन मास्तरापरीस बरा लिव्हतो." मला ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

काल मी एसटीनं बारामतीला दवाखान्यात गेलो, मोसंबी घेऊन. तात्यांची बायको, काकी, दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आलास व्हय? आन् दांडा कुठं ठिवलास? हितं बी लागंल की. दोन बरगड्या ऱ्हायल्यात अजून." मोसंबीची पिशवी त्यांनी माझ्या हातात परत दिली आणि मुठीवर मूठ दाबून बंद केली, लहान पोराच्या हातात नाणं ठेवतात तशी. आत तात्यांचा एक डोळा बंद, दुसरा फटीएवढा उघडा, डावा हात पलिस्तरात. काकी त्यांना म्हणाल्या, "ज्याची मोटर त्यो आलाय."

तात्यांनी विचारलं, "मोटर पाण्यात गिली का?"

मी म्हणालो, नाही, तशीच आहे.

"मग फ्यूज?"

"माझ्याजवळ आहेत."

"पेटीत घालू नगंस. उघडी हाय ती. आटो लावून ठिवलंयस, लाइट आली की जळंल." एवढं बोलायला त्यांना मध्ये तीनदा थांबावं लागलं.

मी विचारलं, "तात्या, ज्वारी तर मी बंद केली होती. मग तुम्ही का ओढत होता?"

"ज्वारी तू बंद किलीस," ते म्हणाले. "म्या कुठं काय बंद किलं? शबूद तुझ्या बापाला दिला हुता. तुला न्हाय."

काकी म्हणाल्या, चेअरमन सकाळी येऊन गेला, पाय घसरला म्हणून कागदावर अंगठा द्या म्हणाला. तात्यांना हसू आलं, आणि बरगडी दुखली म्हणून अर्ध्यात थांबलं. "म्या म्हनलं, अंगठा तर पलिस्तरात हाय. तुमीच मोडलाय, आता तुमीच लावा." मी तिथं आणखी पंधरा मिनिटं बसलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं, एसटीत तीनदा मनातल्या मनात तपासलं होतं. मी त्यांना फक्त विचारलं, पाणी देऊ का. काकींनी तांब्या स्वतःकडं ओढून घेतला.

आज पहाटे उजाडताच मी मोटर पुढं ओढायला गेलो. ऊस सुकत चालला आहे, मोटर चार दिवस तशीच कुशीवर पडून आहे. फ्यूज खिशात होते. तरी खाली वाकून दोरी धरल्यावर मी तीनदा मागं वळून काठाकडं बघितलं, कोणी दांडा घेऊन येतंय का. कोणी नव्हतं. वरच्या वस्तीवरचं कुत्रं तेवढं भुंकत होतं. मोटर तिच्या जागी नेली, केबलचा जोड बांधला, टेप गुंडाळली. टेस्टर काढला आणि हातातच धरून बसलो. रविवारी तो खिशात असताना चोर कोण हे मी लोकांच्या तोंडून ऐकून घेतलं होतं. लावून बघितलं नव्हतं. मोटर मी अजून सुरू केलेली नाही. ते तीन फ्यूज आता समोर फरशीवर आहेत, एकाच्या खाचेत काळं काही वाळलेलं आहे, ते गाळ आहे की दुसरं काही, हे मी नखानं खरवडून बघितलेलं नाही.

हे लिहिता लिहिता एक वाजून गेला आहे. मध्ये आई येऊन जेवायला ठेवून गेली. ताट झाकलेलं आहे. चेअरमनचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोनवर म्हणाले, "आरं कादंबरी लिव्हतूस का काय?" मी म्हणालो, होतच आलंय. समास आखलेल्या कागदावर मी दुसरा मजकूर लिहिला आहे. मोटर चोरीला जात नव्हती, ती माझी होती आणि माझ्या भल्यासाठी पुढं ओढली जात होती. फ्यूज जिवाच्या खबरदारीसाठी खिशात होते, आमच्याच जिवाच्या. आरोळी मी दिली. मारलं आम्ही बारा जणांनी, त्यात पहिलं नाव माझं. खाली एकच सही होईल. गाव मला काय करेल याची मला भीती आहे. ऊस पेटवतील, पाइप फोडतील, आईशी दळणाच्या गिरणीत कोणी बोलणार नाही. कदाचित तोच दांडा माझ्या पाठीत बसेल. अक्षर मात्र बिघडू दिलेलं नाही. कागद मी चेअरमनकडं न नेता थेट चौकीत नेणार आहे, तीनच्या आत, म्हणजे वाटेत कोणी भेटायला नको.

तुमच्या जुन्या वहीत शेवटची चार पानं कोरी होती. त्यातल्या पहिल्यावर आज मी नोंद केली, तारखेसह. खर्च: बारामती एसटी येणं-जाणं एकशे चाळीस, मोसंबी ऐंशी (परत आली, आईनं शेजारी वाटली), केबलची टेप वीस, फुलस्केप कागद दहा. एकूण दोनशे पन्नास. देणं: तात्यांची ज्वारी, वर्षाला दोन पायल्या, अकरा वर्षं, बावीस पायल्या, बाजारातून विकत घेऊन द्यायची आहे. दवाखान्याचं बिल अजून आलेलं नाही, त्याची जागा मोकळी ठेवली आहे.

चौकीच्या कागदावरही एक आकडा अजून पक्का नाही. मी किती फटके मारले तिथं तीन लिहिलं आहे. व्हिडिओतला एक आणि त्याच्या आधीचे दोन, असं धरून कोणीही तीनच मोजेल. पण आधीचे तीन होते, अण्णा. व्हिडिओत आहे तो चौथा. फ्यूज चिखलात पडलेले मी बघितले, केबल कापलेली नाही हे बघितलं, सगळं कळलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मी तो मारला.